ललिताताईंचं हॅव

आमच्या क्लासात ‘हॅव’ आला की भांडण ठरलेलं. गो, कम, टेक, गिव्ह ही क्रियापदं बिचारी गुपचूप येतात आणि पाठ होऊन जातात. हॅव तसा जात नाही. कारण मी प्रत्येकीला उभं करते आणि आपल्याकडे काय काय आहे ते सांगायला लावते. मग एक म्हणते, आय हॅव अ स्कूटी. दुसरी म्हणते, आय हॅव अ फोर व्हीलर. तिसरीच्या दारात सायकलसुद्धा नसते, ती म्हणते, आय हॅव अ गुड हजबंड, आणि पहिल्या दोघींची तोंडं उतरतात.

मी इशरत. शिरूरला मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत, आमच्या पुढच्या खोलीत, दुपारच्या वेळी बायकांना इंग्रजी शिकवते. पोरांच्या शिकवण्या घ्यायचा मला कंटाळा आहे. पोरं ऐकत नाहीत आणि त्यांच्या आया उलट मलाच जाब विचारतात, त्यापेक्षा आयाच बऱ्या. सगळ्यांची पोरं इंग्लिश मीडियमला. पालकसभेत टीचर जे बोलते त्याला यांनी नुसती मान हलवायची, ते सहन होईना म्हणून येतात. आणखी एक कारण आहे, ते कुणी सांगत नाही. शेजारणीला चार वाक्यं बोलता यायला लागली की हिची झोप उडते. माझा क्लास खरा त्यावर चालतो.

आपल्या मराठीत या हॅवला एकच एक शब्द नाही. पेन माझ्याकडे असतं, भाऊ मला असतो, घर माझं असतं आणि ताप मला आलेला असतो. आपण प्रत्येक गोष्टीशी वेगळं नातं धरून बोलतो. इंग्रज माणूस सगळ्याला हॅव लावून मोकळा होतो. घर हॅव, भाऊ हॅव, ताप हॅव, चहासुद्धा हॅव. आमच्या क्लासात सगळ्यात वयस्कर धुरपदामावशी. त्यांनी एकदा विचारलं होतं, “आन् नवऱ्याला बी हॅवच?”

मी म्हटलं, हो.

“मंग त्या गोऱ्या बाईला कसं कळतं, नवरा तिच्याकडं हाय का तिचा हाय?”

मी पुढचं क्रियापद घेतलं. असल्या प्रश्नांना उत्तर दिलं की क्लास वेळेवर सुटत नाही.

तर ललिताताईंची गोष्ट. पहिल्या दिवशी त्या आल्या त्या दारातूनच बोलत. धिप्पाड बाई, आवाज त्याहून मोठा. शिक्षण नववीपर्यंत. दोन मुलगे, दोघेही रांजणगावला कंपनीत, थोरल्याचं लग्न झालेलं. नवरा बबनराव शांत माणूस, कांदा लावतो, कांदा विकतो, मध्ये बोलत नाही. घरात कशाची वाण नाही. आणि तरी इतकी हेवेखोर बाई मी अख्ख्या शिरूरात पाहिली नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. शेजारच्या दोडक्याच्या वेलाला जास्त फुलं आली तर त्या आपल्या वेलाला शिव्या देतात. कुणी नवी साडी नेसून आलं की म्हणतात, “रंग बरा हाय, पन तुला न्हाई खुलत.” मात्र त्या काही लपवत नाहीत. बाकीच्या बायकांचा हेवा पोटात राहून आंबतो, यांचा लगेच तोंडावाटे बाहेर पडतो. म्हणूनच मला त्या आवडतात.

“बाई, मला इंग्लिश शिकवा,” त्या म्हणाल्या. “पन पयलं ते शिकवा, जे माझी जाऊ बोलती.”

जाऊ म्हणजे राजनंदिनी. बी.कॉम. झालेली, रांजणगावलाच एका ऑफिसात अकाउंट्स बघायची. सकाळी कंपनीच्या बसने जायची ती दिवेलागणीला परत. तिचा नवरा मच्छिंद्र, म्हणजे ललिताताईंचा धाकटा दीर, रेल्वेत दौंडला. तो आठवड्यातून दोन-तीनदा घरी यायचा. घर एकच, अंगण एकच, फक्त चुली दोन. आणि राजनंदिनीची मुलगी अक्षदा. बाळंतपणाची रजा संपली तशी ती ललिताताईंच्या मांडीवर आली, ती दुसरीत जाईपर्यंत तिथेच होती. न्हाऊ त्यांनी घातलं, पहिला घास त्यांनी भरवला, गोवर त्यांनी काढली. पोरगी त्यांना मोठी आई म्हणायची आणि राजनंदिनीला मम्मी.

“दिसभर मी राबायचं,” ललिताताई सांगत होत्या, “आन् सांजच्याला ती येनार, पर्स ठिवनार आन् म्हननार, ‘कम हिअर, बेबी.’ की पोरगी गेली पळत! माझ्या हातातला घास तसाच ऱ्हातो. आता शाळंत जायला लागल्यापासून दोघी तसंच बोलत्यात. मी मधी काय बोलले की पोरगी म्हनती, ‘मोठी आई, यू डोन्ट नो.’ एवढीशी कार्टी! मला काय म्हनली ते कळाया धाकल्या पोराला इचारावं लागलं.”

“मग तुम्हाला राग कुणाचा येतो, पोरीचा की जावेचा?”

“जावेचा. पोरीचा राग कसा यील?”

अशी जिद्दीने शिकणारी विद्यार्थिनी मला परत मिळाली नाही. बाकीच्या बायका सणवार, पाव्हणे, वाळवण सांगून दांड्या मारायच्या, या कांदा काढायच्या दिवसांतसुद्धा हजर. एखादं वाक्य आलं की विचारायच्या, “हे तिला येत आसंल का?” मी म्हणायचे, येत असेल. मग ते दहादा घोकायच्या. मी म्हणाले, बहुतेक येत नसेल, की ते वीसदा. कम हिअर बेबी तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाठ केलं आणि घरी म्हणून बघितलं. पोरगी हसून लोटपोट झाली म्हणे. पण आली.

त्याच वर्षी मच्छिंद्रला दौंडच्या रेल्वे कॉलनीत क्वार्टर मिळालं. आता संसार दौंडला हलणार हे उघड होतं. प्रश्न अक्षदाचा होता. राजनंदिनीला नोकरी सोडायची नव्हती. दौंडला गेल्यावर पुण्यात काहीतरी बघायचं आणि डेमू रेल्वेने जा-ये करायची, असा तिचा बेत. मग दिवसभर पोरगी कुणाकडे? घरात बोलणी झाली आणि जवळजवळ ठरलं, की दुसरी नोकरी मिळून बस्तान बसेपर्यंत, एक वर्षभर, अक्षदाने शिरूरलाच मोठ्या आईजवळ राहायचं. शाळा इथली, सुट्टी तिकडे.

त्या दिवशी ललिताताई क्लासात आल्या त्या पेढे घेऊन. कशाचे म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “आसंच.” पण त्यांना कुठे राहवतंय! धुरपदामावशींच्या कानात सांगितलं, ते सगळ्यांना ऐकू गेलं. “माझी जाऊ चालली दौंडला. पोरगी माझ्याकडं ऱ्हानार.” असा आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही. जावेला क्वार्टर मिळाल्याचा हेवासुद्धा त्या विसरून गेल्या होत्या.

आणि पुढच्याच आठवड्यात हॅव आला.

नेहमीप्रमाणे चढाओढ सुरू झाली. कुणी सोन्यापासून सुरू केलं, कुणी बंगल्यापासून. एकीने तर आय हॅव अ फ्लॅट इन पुणे असं सांगितलं, तो फ्लॅट भावाचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. धुरपदामावशी नव्या फोनवर प्रत्येकीचं शूटिंग घेत होत्या, त्यांना तो नाद लागलेला. ललिताताईंची पाळी आली. सांगण्यासारखं त्यांच्याकडे खूप होतं. म्हशी होत्या, ट्रॅक्टर होता, बागायत होती. त्यांनी पदर खोचला, घसा साफ केला आणि म्हणाल्या,

“आय हॅव टू सन. आय हॅव वन डॉटर. हर नेम इज अक्षदा. शी हॅव नाइस व्हॉइस. शी स्लीप विथ मी.”

लेक कुणाची ते सगळ्यांना ठाऊक होतं. फ्लॅटवाली माझ्याकडे बघायला लागली, आता मॅडम काय म्हणतात म्हणून. मी म्हटलं, “सन्स. शी हॅज. शी स्लीप्स. बाकी बरोबर.” मी आजही तेच म्हणेन. माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात, रेशनकार्ड तपासून घ्यायला नाही. ललिताताई खाली बसल्या आणि पुढचा सगळा वेळ एकट्याच गालात हसत होत्या.

धुरपदामावशींनी ते शूटिंग स्टेटसला ठेवलं. वाईट हेतूने नाही, क्लासातल्या सगळ्यांचीच ठेवली होती. पण शिरूरात स्टेटस म्हणजे चावडी. राजनंदिनीच्या ऑफिसातल्या एका मुलीने ते बघितलं आणि जेवणाच्या सुट्टीत विचारलं, “मॅडम, अक्षदा तुमची ना? का जावेची दत्तक घेतली?”

संध्याकाळी राजनंदिनी आमच्या दारात. कंपनीच्या बसमधून उतरून घरी न जाता सरळ इकडे आली होती. तिने फोन माझ्या समोर धरला.

“मॅडम, हे तुम्ही शिकवलंत?”

“हॅव मी शिकवलं. पुढचं त्यांचं त्यांनी जोडलं.”

मला वाटलं, आता भांडेल. ती भांडली नाही. पायरीवर बसली आणि रडायला लागली. “सात वर्षं झाली, मॅडम,” ती म्हणाली. “पोरगी झोपेत दचकली तर मोठी आई म्हणून हाक मारते. पडली, खरचटलं, तर मला ओलांडून त्यांच्याकडे जाते. मी ऑफिसातून येते तेव्हा दोन मिनिटं माझी असते. तेवढ्यासाठी मी घरात शिरताना मुद्दाम मोठ्याने इंग्लिश बोलते. ताईंना येत नाही अशी एकच गोष्ट माझ्याजवळ होती. ती पण त्या शिकायला लागल्या. आणि आता जगाला सांगतात, डॉटर म्हणून!”

“तुम्ही त्यांच्यावर जळता?” मी विचारलं.

“जळते,” ती म्हणाली. “रोज जळते.”

इतके दिवस मी एकीचीच बाजू ऐकत होते, आणि जिच्यावर ती जळत होती ती भिंतीच्या पलीकडे तशीच जळत होती. मी चहा विचारला, तिने घेतला नाही. जाताना म्हणाली, “अक्षदाला मी इथे ठेवणार नाही. नोकरी गेली तरी चालेल.”

मी दुसऱ्या दिवशी ललिताताईंना समजावलं. म्हटलं, एवढंच सांगा, की क्लासात वाक्य बनवायचं होतं म्हणून बोलले. मिटेल सगळं. दोन शब्दांचं काम होतं. पण हेवेखोर माणसाला नेमकं तेच जड जातं.

“खोटं कुटं बोलले मी?” त्या म्हणाल्या. “दोन मिन्टाची आई, आन् माफी मी मागू? तिच्या पोटात दुखतंय, दुखू द्या. जानार न्हाई ती. नोकरी कोन सोडतंय आजकाल?”

राजनंदिनीने नोकरी सोडली. मे महिन्यात टेम्पो लागला दारात. शेजारीपाजारी सामान चढवायला आले, ललिताताई गोठ्यातून बाहेर आल्या नाहीत. शेवटी अक्षदाच आत गेली. “मोठी आई, तू नाही येत?” म्हणाली. त्या म्हणाल्या, “मला म्हशी हायत, बाळा.” पोरगी टेम्पोत पुढे बसली, ड्रायव्हरने तिला हॉर्न वाजवू दिला, ती खूश. हे सगळं मला बबनरावांनी सांगितलं. हा माणूस माझ्याशी पहिल्यांदाच एवढं बोलला.

क्लासाला ललिताताई येत राहिल्या. पण नव्या साडीला नावं ठेवणं बंद. कुणी आय हॅव म्हटलं तरी त्या खिडकीबाहेर बघत बसायच्या. मला तो शहाणपणा बघवेना. रोज रात्री फोन लावायच्या, राजनंदिनी स्पीकरवर टाकायची, पोरगी पलीकडून “हाय मोठी आई, बाय मोठी आई” एवढंच म्हणून पळायची. “ती मुद्दाम मधी बसती,” ललिताताई म्हणायच्या. “पोरीला दाबून ठिवलंय. दिसभर घरात बसून माझ्याविरुद्ध शिकवीत आसंल.”

जुलैत एका शनिवारी मला दौंडला माझ्या भावाकडे, रिजवानकडे जायचं होतं. ललिताताईंना कळलं, तर सकाळी डेपोत पिशव्या घेऊन माझ्या आधी हजर. एका पिशवीत कांदे, एकीत शेंगदाण्याची चटणी, खारोड्या, अक्षदाला फ्रॉक. कळवलंय का विचारलं तर म्हणाल्या, “कळवाया मी काय परकी हाय?” एसटीत सगळा रस्ता त्या वाक्यं घोकत होत्या. आय मिस यू. हाऊ इज युवर स्कूल? कम होम इन दिवाळी. कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं. मी म्हटलं, मराठीतच बोला की, पोरगी मराठी विसरली नाही. तर म्हणाल्या, “जावेच्या म्होरं बोलायचंय ना, बाई.”

रेल्वे कॉलनीतलं क्वार्टर सापडलं. राजनंदिनीने दार उघडलं आणि दचकली. ललिताताईंनी घरभर नजर फिरवली. खुंटीवर ऑफिसची पर्स, तिला अडकवलेला रेल्वेचा पास.

“नोकरी धरली व्हय?”

“जूनपासून,” राजनंदिनी म्हणाली. “पुण्याला जाते, डेमूने. शनिवार-रविवार सुट्टी असते.”

“मंग पोरीला कोन बघतं?”

राजनंदिनी खाली बघायला लागली. “शेजारच्या आहेत. बिहारच्या. त्यांचे मिस्टर पण रेल्वेत आहेत. शाळेतून आली की त्यांच्याकडे थांबते. महिन्याला पैसे देते मी त्यांना.”

ललिताताईंचा चेहरा मी बघितला. अंगावर धावून जातील असं वाटलं. पण आवाज एकदम बारीक निघाला. “परकी बाई चालली तुला, नंदे? मी न्हाई चालले?”

राजनंदिनी काही बोलणार तेवढ्यात शाळेची व्हॅन थांबली. अक्षदा उतरली, दारात मोठी आई दिसली तशी किंचाळली आणि धावत येऊन कमरेला बिलगली. ललिताताईंना घोकलेलं एकही वाक्य आठवलं नाही. “माझी बाय ती, माझी बाय ती,” एवढंच म्हणत त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि एका डोळ्याने जावेकडे बघत होत्या. जिंकल्याचा आनंद लपत नव्हता. राजनंदिनीने ओठ दाबून धरले होते.

पलीकडच्या क्वार्टरचं दार उघडलं. बाई बाहेर आली नाही, नुसती हाक आली. “अक्षू, आ गई बेटा? हाथ धो ले.”

पोरीने मिठी सोडली. दप्तर मोठ्या आईच्या हातात दिलं, डबा मम्मीच्या. “आ गई, आंटी! आज क्या बनाया?” असं ओरडत त्या दारात पळाली. मम्मी आज घरी आहे, मोठी आई शिरूरहून आली आहे, याचं तिला काहीच नव्हतं. भूक लागली की तिकडे जायचं, एवढंच पायांना ठाऊक. आतून भांड्यांचा आवाज आला, मग दोघींचं हसणं.

या दोघी दारातच उभ्या. एकीच्या हातात दप्तर, एकीच्या हातात डबा. मला तिथे थांबणं नको झालं होतं, पण पाय निघेना. शेवटी ललिताताई आत येऊन सतरंजीवर बसल्या.

“काय घालती ती खायला?”

“लिट्टी, म्हणजे भाजलेले कणकेचे गोळे. आणि बटाट्याचा चोखा, भरतासारखा.”

“आन् पोरगी खाती?”

“मागून खाते,” राजनंदिनी म्हणाली. तीही जरा अंतर ठेवून खाली बसली. “ताई, मी मुद्दाम पैसे द्यायची बाई बघितली. मला वाटलं, पैसे दिले की तिचा लळा लागणार नाही. तुमच्याकडे ठेवली असती तर परत माझी झाली नसती. म्हणून.”

ललिताताई भिंतीकडे बघत म्हणाल्या, “माझ्याकडं बटाट्याला नाक मुरडायची.”

“माझ्याकडे अजून मुरडते.”

“त्या बाईच्या हाताला काय येगळी चव हाय?”

“मी खाऊन बघितलंय. काही नाही विशेष.”

“तिखट-मीठ तरी आसतंय का?”

“मिठाचा तर पत्ताच नसतो.”

दोघींना जरा बरं वाटलेलं दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या एका बाजूने बोलत होत्या. मग ललिताताई माझ्याकडे वळल्या.

“बाई, तुमच्या घरात हिंदीच बोलत्यात न्हवं?”

मी म्हटलं, बोलतो. पण ती आपली शिरूरची हिंदी. बिहारची नाही.

“चालंल. ती शिकवा मला.”

मला वाटलं, राजनंदिनी आता हसेल, नाहीतर चिडेल. तिने डबा खाली ठेवला आणि मला विचारलं, “मॅडम, रविवारी घ्याल का? मी पण शिरूरला येईन.”

भिंतीपलीकडून अक्षदा काहीतरी सांगत होती, भरभर, त्या बाईच्या बिहारी वळणाच्या हिंदीतून, आणि मध्येच खळखळून हसली. दोघींनी बोलणं थांबवून कान दिला. काय म्हणाली ते दोघींनाही कळलं नाही.